वाहुळ मॅडमची दोरी

वाहुळ मॅडमना काय काय येत नाही, याची एक यादी मी एकदा केली होती. शनिवारी शाळा सुटल्यावर, शिक्षकखोलीत बसून, टाचणवहीच्या शेवटच्या पानावर. उच्चार गावाकडचे. फळ्यावरचं अक्षर तिरकं, डावीकडून सुरू होऊन उजवीकडे खाली घसरणारं. तासाला हातात पुस्तक नाही. तक्ता कधी बनवला नाही. इंग्रजीच्या तासाला निम्म्याहून जास्त मराठी. सात मुद्दे झाले. आठवा सुचेना म्हणून मी पेन उघडं धरून बसले होते, तेवढ्यात समोरच्या नववी ‘ब’मधून हसण्याचा आवाज आला. शाळा सुटून वीस मिनिटं झाली होती. बेचाळीस मुलं घरी जायचं सोडून इंग्रजीच्या वर्गात बसली होती, आणि त्यांत माझी मुलगी होती.

तो आवाज ऐकून मी पेनाला टोपण लावलं. यादी अजून त्या वहीत आहे.

आमची शाळा शहागंजच्या मागच्या बाजूला. खाली मसाल्याची आणि बांगड्यांची दुकानं, वर आठवी ते दहावीचे वर्ग. इंग्रजीला आम्ही दोघी. ‘अ’ तुकड्या माझ्याकडे, ‘ब’ तुकड्या वाहुळ मॅडमकडे. मी शहरातली. आजोबा वकिलाच्या कचेरीत कारकून होते, वडील बँकेत. घरात इंग्रजी वर्तमानपत्र येई आणि ते मोठ्याने वाचायची शिस्त होती. इंग्रजी ही आमच्या घरातली वस्तू आहे असं मला लहानपणापासून वाटत आलेलं. वाहुळ मॅडम पिशोर गावच्या. आईवडील दोघंही दुसऱ्याच्या रानात कामाला जात. सकाळी घरात बुद्धवंदना झाली की आई कामावर आणि ही शाळेत. “आमच्या घरात एबीसीडी पयल्यांदा म्याच आणली,” असं त्या सांगत, जणू बाजारातून एखादी कोंबडी आणली असावी तसं. अभिमान होता, पण तो दाखवायची त्यांना घाई नव्हती.

दिसायला ठेंगण्या, रुंद, कायम फिक्या रंगाची सुती साडी. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात डबा, पाण्याची बाटली, पेन्सिली आणि प्लास्टिकचे चिमटे. कपडे वाळत घालायचे असतात ते, रंगीत, शहागंजमध्ये डझनावर मिळतात. लाल पेन त्यांनी कधी वापरलं नाही. वही पेन्सिलीनं तपासायच्या. “लाल बघितलं की पोरगं वही मिटतंय,” म्हणायच्या. चहा बशीत ओतून प्यायच्या आणि पिताना समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत दुसरा घोट घ्यायच्या नाहीत. त्यामुळे त्यांचा चहा नेहमी गार व्हायचा आणि शिक्षकखोलीतला प्रत्येक माणूस आपली अडचण त्यांच्याच बशीसमोर सांगायला बसायचा. माझा चहा मी चार मिनिटांत संपवते. माझ्यासमोर कुणी बसत नसे.

त्यांच्या वर्गात खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत एक नायलॉनची दोरी बांधलेली होती. आमचे शिपाई शब्बीरभाई पहिल्या दिवशी ती बघून गेले आणि आठवडाभर रोज विचारत राहिले, “मॅडम, आपके कपड़े सूखे नहीं क्या अब तक?”

दोरीचं काम असं. आमच्याकडची मुलं, आणि मोठी माणसंसुद्धा, ‘काल मी बाजारात गेलो होतो’ याचं सरळ ‘यस्टरडे आय हॅड गॉन टू मार्केट’ करून टाकतात. मराठीत ‘गेलो होतो’ एकटं चालतं. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ला सोबत लागते. दोन गोष्टी घडलेल्या असल्या तर त्यातल्या आधीच्या गोष्टीला ‘हॅड’. हे मी बावीस वर्षं तक्त्यावर शिकवत आले आहे. एक लाल बाण, एक निळा बाण, खाली सूत्र. माझी मुलं सूत्र पाठ करत, परीक्षेत गाळलेल्या जागा बिनचूक भरत, आणि दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज आणत, ‘आय हॅड गॉन टू डॉक्टर यस्टरडे’.

वाहुळ मॅडमनी सूत्र फळ्यावर लिहिलंच नाही. सगळ्या क्रियापदांतून एकच घेतलं, ‘गो’. “माणूस आयुष्यभर करतंय काय? जातंय. शाळंला जातंय, कामाला जातंय, शेवटी वर जातंय. एवढं एक आलं तरी लई झालं.” प्रत्येक मुलानं आठवड्याला एक चिठ्ठी लिहायची, आपल्या घरातली, खरी. मी पोचलो तेव्हा कोण आधीच गेलेलं होतं? चिठ्ठी चिमट्यानं दोरीला लावायची आणि वाचून दाखवायची. एखादा नुसतं ‘माय फादर हॅड गॉन’ म्हणून थांबला की अख्ख्या वर्गानं एका सुरात विचारायचं, “आन् मंग?” मग त्यानं पुढची गोष्ट सांगायची, तेव्हा वाक्य पुरं.

दोरीवर काय काय टांगलेलं असायचं. मी उठलो तेव्हा बाबा वाळूजला ड्यूटीवर गेले होते. आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा कन्नडची गाडी गेली होती. एका मुलानं लिहिलं, आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा आजी गेली होती. मागून कुणीतरी हसून विचारलं, “कुठं गेली?” वाहुळ मॅडम त्या मुलाच्या बाकावर जाऊन बसल्या. “बरोबर लिवलंय त्यानं,” एवढंच म्हणाल्या, “इंग्रजीतबी असंच म्हणतेत.” त्या दिवशी पुढची चिठ्ठी वाचली गेली नाही. हे मला ऋजुतानं सांगितलं नाही. शब्बीरभाईंनी सांगितलं.

ऋजुता माझी मुलगी. ती आठवीत आमच्या शाळेत आली तेव्हाच मी नियम करून दिला होता की शिक्षकाचं मूल त्या शिक्षकाच्या वर्गात नको आणि शाळेत मला ‘आई’ नाही, ‘मॅडम’ म्हणायचं. नियम चांगला होता. आठवीत तो मला खुपला नाही. नववीत मात्र ती वाहुळ मॅडमच्या वर्गात रमू लागली आणि तो माझ्यावर उलटला. मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि तुकडी बदलून मागितली.

“वैद्य मॅडम, नियम तुम्हीच लिहून दिलाय,” ते म्हणाले. “फाईलला आहे. काढू का?”

ऋजुताला व्याकरण येत होतं. ते मी घरी शिकवलं होतं, तिसरीपासून, रोज. पण तिच्या तोंडून इंग्रजी निघत नव्हतं, आणि त्या वर्षी हळूहळू मराठीही निघेनासं झालं. जेवताना विचारलं तर ‘हो’ आणि ‘नाही’. मला वाटत होतं, हिला बोलतं मीच करणार. दुसऱ्या कुणी केलेलं मला चालणार नव्हतं. हे तेव्हा इतक्या स्पष्ट शब्दांत मी स्वतःशी म्हटलं नव्हतं, पण तसंच होतं.

दर शनिवारी वाहुळ मॅडम माझं टाचण मागायच्या. पुढच्या आठवड्यात कुठल्या तासाला काय शिकवणार हे लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यायची असते, ते टाचण. मी ते शुक्रवारीच पूर्ण करते.

“वैद्य बाई, द्या तेवढं. तुमचं लई बेस अस्तंय.”

“मॅडम, स्वतःचं लिहायला काय हरकत आहे?”

“हरकत काय नाय. पन तुमी एवढं मन लावून करायलेत, ते एकाच वर्गाच्या कामी का म्हून यावं?”

आणि त्या ते शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायच्या, सही घ्यायच्या, आणि सोमवारी वर्गात जाऊन त्यातलं काहीही करायच्या नाहीत. दोरी, चिमटे, ‘गो’. मी एकदा हे मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

त्याच हिवाळ्यात तपासणी आली. शिक्षण विभागाकडून आलेले अधिकारी माझ्या वर्गात बारा मिनिटं बसले, तक्त्यांचं कौतुक केलं, आणि गेले. वाहुळ मॅडमच्या वर्गात त्यांनी आधी टाचणवही मागितली. पानं उलटली आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, “हे आदर्श टाचण आहे. बाकीच्यांना दाखवा.” मी दारात उभी होते. मुख्याध्यापक माझ्याकडे बघायचं टाळत होते. वाहुळ मॅडम मात्र सरळ म्हणाल्या, “सर, ते वैद्य बाईंचं हाये. म्या उतरून घेतलंय.” अधिकारी हसले. त्यांना तो विनय वाटला.

मग खूश होऊन ते मुलांशी इंग्रजीत बोलू लागले. “चिल्ड्रेन, आय हॅड कम टू युवर स्कूल लास्ट इयर.”

बेचाळीस मुलं एका सुरात म्हणाली, “आन् मंग?”

मुख्याध्यापकांचा चेहरा पडलेला. तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “सर, यू हॅड कम. देन व्हॉट हॅपन्ड?”

ती ऋजुता होती. अनोळखी माणसासमोर, इंग्रजीत, न अडखळता. मी सहा वर्षं ज्या क्षणाची वाट बघत होते तो माझ्यासमोर घडत होता आणि त्यात माझा काहीच हात नव्हता. आनंद झाला का? झाला असेल. पण मला आठवतंय ते हे, की मी ऋजुताकडे नाही, वाहुळ मॅडमकडे बघत होते, आणि त्या खिडकीला टेकून, हात पदरात घेऊन उभ्या होत्या, जसं काही विशेष घडलंच नाही.

“मग... माझी बदली झाली,” अधिकारी मराठीत म्हणाले.

“मंग बरोबर हाये की, सर,” वाहुळ मॅडम म्हणाल्या. “बदलीच्या आधी तुमी येऊन गेल्ते. जोडा आता.”

आणि त्या गृहस्थांनी खरोखर दोन्ही घटना जोडून वाक्य म्हटलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. जाताना ते एवढे हसत होते की कुठल्याच शेऱ्याला लाल शाई लागली नाही.

घरी ऋजुता तशीच होती. शाळा साडेबाराला सुटे. दहावीचे जादा तास घेऊन मी साडेपाचला घरी पोचे. चहा ठेवायच्या आधी मी तिची वही मागत असे. ही माझी पद्धत होती, आधी काम, मग चहा. दिवाळीनंतर असं होऊ लागलं की मी येई तेव्हा ती झोपलेली असे. पांघरूण गळ्यापर्यंत, तोंड भिंतीकडे. वाढत्या वयात थकवा येतो म्हणून मी डॉक्टरांना विचारून तिला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, आणि दिलेल्या गोळ्यांवर खूण करायला फ्रिजवर कागद चिकटवला.

जानेवारीत एका शनिवारी वाहुळ मॅडम भाच्याच्या लग्नाला देवगाव रंगारीला गेल्या आणि त्यांचा तास मला मिळाला. मुलांना उतारा सोडवायला दिला आणि मी दोरीपाशी गेले. हातात पेन्सिल होती. चुका टिपायच्या, हा हेतू. खिडकीपासून सुरुवात करून एकेक चिठ्ठी वाचत आले. चुका होत्या, पण मला हव्या होत्या तेवढ्या नव्हत्या. सव्विसावी चिठ्ठी ऋजुताची.

‘व्हेन आई केम होम, आय हॅड गॉन टू स्लीप.’

आई घरी आली तेव्हा मी झोपी गेले होते. बिनचूक. त्याखाली पेन्सिलीनं, घसरणाऱ्या अक्षरात, वाहुळ मॅडमनी लिहिलं होतं, ‘आन् मंग?’ आणि त्याखाली ऋजुताचं बारीक अक्षर, मराठीत. ‘मग ती खोलीबाहेर गेली की मी डोळे उघडते.’

मुलांच्या माना उताऱ्यात होत्या. वर्गाकडे पाठ करून मी चिठ्ठी काढली, घडी केली, पर्समध्ये ठेवली. चिमटा परत दोरीला लावला. तास संपेपर्यंत मी वर्गात फेऱ्या मारत होते आणि तिसऱ्या बाकाकडे एकदाही बघितलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत वाहुळ मॅडम बशी घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या.

“बाई, दोरीची एक चिठ्ठी कमी हाये.”

“वाऱ्यानं उडाली असेल. खिडकी उघडी होती.”

“व्हय. वारं लई होतं.” त्यांनी घोट घेतला. “पन चिमटा जागच्या जागी लावलेला हाये. वारं काय चिमटा परत लावत नाय.”

दुसरं कुणी असतं तर चिमटा बाकावर पडला असता. मी पर्स जवळ ओढली.

“ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ,” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. “पोरीला म्या सांगन, माझ्याकडून हरपली. तिनं ते वर्गाला लिवलं होतं, तुमाला नाय.”

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“झालं म्हैनाभर.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही? मी तिला गोळ्या देतेय, मॅडम. मी तिची आई आहे.”

“म्हून तर नाय सांगितलं.”

“अजून काय काय सांगते ती तुम्हाला? माझ्याबद्दल?”

“इंग्रजीचं इचारा, ते सांगते. बाकीचं तिचं हाये.” त्यांनी बशी खाली ठेवली. चहा निम्मा तसाच होता. “बाई, एक म्हनू का? राग नका मानू. चार दिस घरी गेल्यावर वही मागू नका. नुसतं जाऊन बसा तिच्यापाशी. जमंल?”

जमेल का, असं मला विचारलं होतं. मला, जिची हाती घेतलेली एकही गोष्ट आजवर अपुरी राहिली नव्हती. त्या रागावरच मी ते केलं.

पहिल्या दिवशी मी चहाचा कप घेऊन ऋजुताच्या पलंगाच्या कडेला बसले. ती भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. श्वास इतका सावध की मला हे आधी कसं कळलं नाही याचंच नवल वाटलं. चहा संपला तशी मी उठले. दुसऱ्या दिवशी मी भिंतीशीच बोलल्यासारखं सांगितलं, की आज गुलमंडीत माझी स्कूटी बंद पडली आणि एका फळवाल्यानं ती ढकलली, आणि बदल्यात मला नको असलेले दोन डझन चिकू गळ्यात मारले. पांघरूण किंचित हललं. तिसऱ्या दिवशी तिनं एक डोळा उघडला.

“आई, आज वही नाही?”

“नाही.”

“तुला बरं नाही का?”

“बरी आहे मी.”

ती उठून बसली. माझ्या कपातला चहा प्यायली. मग चिकू कापून आणले आणि बोलत सुटली, सात वाजेपर्यंत, कुठल्या कुठल्या मुलींबद्दल, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती. मध्येच थांबून तिनं विचारलं, “हे तुला वाहुळ मॅडमनी सांगितलं का? वही मागू नको म्हणून?”

“नाही,” मी म्हणाले. “मलाच वाटलं.”

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. बऱ्याच वर्षांनी. ते खोटं मी परत घेतलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मात्र त्यानंतर वाहुळ मॅडम आणि ऋजुता कॉरिडॉरमध्ये एकत्र दिसल्या की मी चाल मंद करून कान देत असे. आधी ते नुसत्या मत्सरापोटी होतं. आता त्यात भीती मिसळली. त्यांच्या एका वाक्यावर माझं सगळं अवलंबून होतं, आणि त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच वागत होत्या. शनिवारी टाचण मागत होत्या. मी ते काही न बोलता देऊ लागले.

गेल्या जूनमध्ये वाहुळ मॅडम निवृत्त झाल्या. शाळेतल्या समारंभात भाषणाला उभ्या राहिल्या आणि “चांगलं चाललंय, चालू द्या” म्हणून खाली बसल्या. शहरातली भाड्याची खोली सोडून त्या पिशोरला भावाकडे राहायला जाणार होत्या. ऋजुता आता कॉलेजात आहे. ती म्हणाली, “आपण सोडायला जाऊ.” आपण म्हणाली, म्हणून मी गेले.

स्टँडवर ऊन होतं. मी तिकिटाची, सामानाची, जागेची व्यवस्था बघितली. वळकटी मागे, पिशव्या पायाशी, पाण्याची बाटली हाताशी. खाली उतरले तर ऋजुता खिडकीखाली उभी राहून वर बघत हसत होती आणि वाहुळ मॅडम गजातून वाकून तिला काहीतरी सांगत होत्या. मला ऐकू येत नव्हतं. मी भरभर जवळ गेले. आता त्या सांगतील, असं मला वाटलं. जाता जाता माणसं सांगून टाकतात.

“तेच म्हनायले मी हिला,” वाहुळ मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या. “आईला जप म्हनलं. पोरीला मोकळं सोडायचं सोताच्या मनानं सुचनाऱ्या आया लई कमी बघितल्या म्या, बाई.”

म्हणजे माझं ‘मलाच वाटलं’ ऋजुताकडून त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. ऋजुतानं माझ्या दंडात हात घातला. मला वाहुळ मॅडमचे आभार मानता आले नाहीत, आणि नजरही वर करता आली नाही. एवढं सगळं त्यांनी मला देऊन टाकलं होतं, आणि तरी ते त्यांनी दिलेलंच होतं.

गाडी निघाली. वाहुळ मॅडमनी पाय वर घेऊन मांडी घातली होती. शेजारच्या बाईनं काहीतरी बोलायला सुरुवात केली होती आणि त्यांची मान तिच्याकडे वळली होती, पूर्ण, ऐकणारी. त्यांनी मागं बघितलं नाही. मला बरं वाटलं. ऋजुता माझ्या दंडातला हात काढून घेऊन तो उंच हलवत होती. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली, तरी तो वरच होता. तो खाली यायची वाट बघत मी तिच्या शेजारी उभी राहिले.